तिकीट कुणाला?

जिल्हा परिषदेची निवडणूक आली की पारावर एकच चर्चा : तिकीट कुणाला? ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, जिल्हा परिषद होते. म्हणून ज्याच्या हाती पक्षाचा ए-बी फॉर्म, तोच अधिकृत उमेदवार.

आमच्या गटात एकाच पक्षाचे तिघे इच्छुक आहेत. पहिले साखर कारखान्याचे संचालक. माणसे जमवतात, खर्चाला मागे सरत नाहीत. पण गावच्या शाळेची पायरी चढताना ते कुणाला दिसले नाहीत. दुसरे माजी सरपंच. तोंडाने फटकळ, पण नळयोजना पाठपुरावा करून पुरी केली आणि ग्रामसभेत हिशेबही वाचला. तिसऱ्या बचत गटाच्या ताई. आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते, तेव्हा अर्ज घेऊन तालुक्याला तीन खेपा घालणाऱ्या त्याच.

ताईंना म्हणतात, “राखीव जागा निघेल तेव्हा पाहू.” २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण उरलेल्या निम्म्या काही पुरुषांना राखीव नाहीत!

बैल घेताना आपण झूल पाहत नाही. दात पाहतो, औताला जुंपून पाहतो. मग इथे गाड्यांचा ताफा का मोजावा? शाळा, आरोग्य केंद्र, गावरस्ते ही जिल्हा परिषदेची कामे. त्यासाठी खेटे घालणारा माणूस हवा. माझा कौल ताईंना.

तिकीट पक्ष देतो, हे खरे. पण पुढारी चाचपणीला येतात तेव्हा आपण गप्प बसतो आणि मागाहून कुरकुरतो. मंडळी, या खेपेला आधी बोला. घरातल्या बायकांनाही बोलू द्या.