पाच वाजताचा मजूर

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक कुठल्याही कारकुनाला पटणं कठीण. पहाटे आलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच दिनार! वर वाटप शेवटच्यापासून. आमच्या हपिसात युनियनने गेटसभाच घेतली असती.

सौ. मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, पाचपर्यंत तो नाक्यावर उभाच होता ना? कुणी बोलावलंच नाही, त्याला तो काय करणार? आणि त्याची पोरं काय तासाच्या हिशेबानं जेवतात?"

दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, एका घराची भाकरी. तिचा बारावा हिस्सा हातावर ठेवला तर चूल पेटत नाही, हे त्या मालकाला ठाऊक होतं.

आमचा पगार एक तारखेला होतो. म्हणून तर दुसऱ्याचे तास मोजायला सवड मिळते!