थेसालोनिकीतला श्रावण

परदेशात शाकाहारी माणसाचे कसे हाल होतात याच्या कहाण्या आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टात ह्यांच्याबरोबर ग्रीसमधल्या थेसालोनिकीला निघाले तेव्हा माझ्या पेटीत साड्या कमी आणि मेतकूट, चटण्या, चिवडाच जास्त होता. निघताना सासूबाईंनी आठवणही करून दिली, "चातुर्मास आहे, वांगं आणि कांदा-लसूण तेवढं सांभाळ गं." मी हो म्हटले खरे, पण तो नियम विमानतळापलीकडे फार टिकला नाही!

उतरलो होतो आनो पोली म्हणजे 'वरच्या गावा'त. 1917 साली मोठ्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, पण टेकडीवरची ही वस्ती वाचली. अरुंद चढणीच्या गल्ल्या, पुढे आलेले लाकडी सज्जे, माथ्यावर जुना तट आणि खाली निळे आखात. हवा स्वच्छ असली की पलीकडच्या तीरामागे ऑलिंपस पर्वतही दिसतो. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, सदा काळ्या झग्यात. इंग्रजी त्यांचे मोडके आणि माझे घाबरलेले, त्यामुळे आमचे छान जमले.

मी मांस, मासे खात नाही हे कळताच बाई हसल्या. म्हणाल्या, "मग तू बरोबर वेळेला आलीस. आमचाही उपासच चालू आहे!" 15 ऑगस्टला तिकडे मातृदेवतेसारख्या पूज्य मानलेल्या मरियमचा मोठा सण. त्याआधीचे चौदा दिवस श्रद्धाळू माणसे मांस, दूध, चीज, अंडी वर्ज्य करतात. कडक पाळणारे तेलसुद्धा फक्त शनिवार-रविवारी घेतात. म्हणजे हा त्यांचा श्रावणच की! फरक एवढाच, की आपल्याकडे ज्या वांग्याला सुट्टी, त्याच्यावरच तिकडे उपासाची सारी भिस्त.

शनिवारी बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. मुसाका करायचा होता. एरवी तो खिम्याचा, पण उपासाला खिम्याच्या जागी मसूर. वांग्यांचे बोटभर जाडीचे लांब काप करून त्यांनी मीठ लावून ठेवले. अर्ध्या तासाने धुऊन, पिळून, ऑलिव्हच्या तेलात लालसर तळले. बटाट्याच्या आणि कोवळ्या हिरव्या काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळ्याच्या चकत्याही तशाच तळल्या. कांदा-लसूण परतून त्यात टोमॅटो, शिजवलेले मसूर आणि दालचिनीचा तुकडा घातला. "हे दाट हवं," बाई बजावत होत्या, "पाणी राहिलं तर थर घसरतात."

मग त्यांनी फळीवरून एक परात उतरवली. तांब्याची, आतून कल्हई केलेली, कडा ठिकठिकाणी चेपलेल्या. तिला तिकडे 'ताप्सी' म्हणतात. तळाला बटाटा, वर भोपळा, मग वांगे, मसूर, पुन्हा वांगे.

"ही आजीची," बाई म्हणाल्या. आजी स्मर्नाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरची. 1922 च्या सप्टेंबरात ते शहर पेटले. आजी बोटीत चढली तेव्हा तिच्या हाती एक बोचके आणि ही परात एवढेच होते. पुढच्याच वर्षी दोन्ही सरकारांनी करार करून धर्मावरून माणसांची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती इकडे आले, लाखो मुसलमान तिकडे गेले. ज्या घरात मी उभी होते ते एका तुर्क कुटुंबाने सोडलेले. "त्यांचीही एखादी परात तिकडे कुणाच्या फळीवर असेल," बाई म्हणाल्या.

सगळ्यात वरचा पांढरा थर आजी घालत नसे. 1920 च्या सुमारास निकोलाओस त्सेलेमेंदेस या बल्लवाचार्यांच्या पाकपुस्तकाने घरोघरी फ्रेंच पद्धतीचा दुधा-लोण्याचा थर नेला. त्यांचे नावच आज ग्रीक भाषेत पाकपुस्तकाला वापरतात. आई तो थर घाली आणि आजी तो बाजूला सारून खाई! बाईंनी मध्यम मार्ग काढला होता. तेलात मैदा भाजून त्यात बटाट्याचे गरम पाणी घोटायचे, वर किंचित जायफळ. भट्टीत तासभर ठेवल्यावर वरून सोनेरी झाले. मी सुरी उचलली तर बाईंनी हात धरला. "गरम कापलास तर सगळं कोसळेल. बसू दे त्याला."

आम्हीही बसलो. तेवढ्यात त्यांनी सहज विचारले, "तुमच्या घरी आहे का असं काही जुनं?"

"नाही," मी म्हटले.

वाचकहो, ते खोटे होते. आमच्याकडेही होती. 1947 साली सासूबाई दहा वर्षांच्या असताना त्यांचे कुटुंब कराचीहून बोटीने मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या आईने एक पितळी परात बरोबर आणली होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी ती मोडीत घातली आणि स्टीलचे डबे घेतले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी मुसाका फार सुरेख झाला होता, पण मला तो नीट गिळवला नाही.

परत आल्यावर मी चंपाषष्ठीची वाट पाहिली. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांग्याची सुट्टी संपली आणि संध्याकाळी मी पुण्याच्या घरी मुसाका केला. अर्धा तास न कापता ठेवला. त्या अर्ध्या तासात सासूबाईंना सगळे सांगितले. स्मर्नाची परात, माझे "नाही", आणि आमची परात.

त्यांनी एक घास खाल्ला. "दालचिनी अंमळ जास्त झाली," म्हणाल्या. मग थांबून, "परात गेली तर गेली गं. पण आई तिच्यात काय करायची, ते तू कधी विचारलंच नाहीस."

"काय करायच्या?"

"शेजारच्या सिंधी बाईंनी आईला कोकी शिकवली होती. कांदा घालून, घट्ट कणकेची. तिच्यातच मळायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खुर्ची ओढून ओट्याशी बसल्या. मी स्टीलच्या परातीत कणीक घेतली. "इतकं पाणी नको," त्या म्हणाल्या, "आणि कांदा आणखी बारीक चीर."