वजनकाट्यावरचा सेटअप

नव्वदच्या दशकात गाळप हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रोग्रॅम बसवायला आम्ही निघायचो. सामान काय, तर १.४४ एमबीच्या चार-पाच फ्लॉप्या, शर्टाच्या खिशात मावतील एवढ्या. एसटीतून उतरायचं, गेटवर नाव सांगायचं, काटा क्लार्कला जरा उठायला लावायचं आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर कॉपी सुरू. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम, सी ड्राइव्हवर एकच फोल्डर, त्यातच उसाच्या वजनाच्या डीबीएफ फायली. ‘तू कोण?’ हे संगणक कधी विचारत नसे. ते गेटवरच्या वॉचमननं आधीच विचारलेलं असे.

तो काळ काही सोवळ्यातला नव्हता. लाहोरमध्ये जन्मलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६पासून फ्लॉप्यांवरूनच हिंडत होता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं, तेही त्याच नव्वदच्या दशकात. आमच्या फ्लॉप्या गावोगाव फिरायच्या, त्यांच्याबरोबर काय काय फिरलं असेल कुणास ठाऊक!

आता मी घरी बसून लिंक पाठवतो आणि दहा मिनिटांत काट्यावरून फोन येतो, ‘‘सर, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस दाखवतंय.’’ तसं ते दाखवत नसतं. विंडोजच्या त्या निळ्या चौकटीचा अर्थ एवढाच, की हा कुणाचा कोण, मला माहीत नाही. २०१२च्या विंडोज ८पासून स्मार्टस्क्रीन थेट विंडोजमध्ये आलं. फाइलवर कुणाची डिजिटल सही आहे आणि ती किती जणांनी उतरवून घेतली, यावर ते तिची पत ठरवतं. जगात फक्त एका कारखान्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमची पत कुठून येणार? त्यात सही नसली तर प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात.

मग फोनवरून सांगायचं: झिप उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर टिक. आधीच, कारण इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक लपलेली खूण चिकटवतं आणि झिप तशीच सोडवली तर ती खूण आतल्या फायलींनाही लागते. गंमत अशी, की फॅट-३२ पेन ड्राइव्हवरून फाइल नेली तर ही खूण टिकत नाही. म्हणजे सेटअप खिशात घालून आलेल्या माणसाची आजही कमी चौकशी होते!

याहून वाईट दुखणं विंडोज व्हिस्टापासून सुरू झालं. सेटअप ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्ये बसला आणि जुन्या सवयीनं डेटाही तिथंच ठेवला, की साध्या लॉगिनला तिथं लिहिता येत नाही. पण जुन्या घडणीच्या प्रोग्रॅमला विंडोज तसं सांगतही नाही. ते गुपचूप त्या लॉगिनच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वेगळी प्रत करून देतं. तीन पाळ्यांचे तीन क्लार्क, तीन लॉगिन. सकाळच्या पाळीतल्या गाड्या दुपारच्या क्लार्कला दिसेनात. एरर नाही, काही नाही. डेटा प्रोग्रॅमडेटामध्ये हलवून फोल्डरला लिहिण्याची परवानगी दिली, की हे मिटतं.

या सगळ्या अडचणींवरचा सोपा उपाय सगळ्यांनाच ठाऊक असतो: अँटिव्हायरस बंद करा, यूएसीची (बदल करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या खिडकीची) पट्टी तळाला ओढा. मी आता तसं करू देत नाही. ऑगस्ट २०१८मध्ये मालवेअरच्या हल्ल्यात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले. सहकारातल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

खरा इलाज सहीचा. पण जून २०२३पासून बाजारातल्या सर्टिफिकेटची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, वर दर काही काळानं नूतनीकरणाचा खर्च. एका कारखान्यासाठी तो झेपत नाही. म्हणून कारखान्याचं स्वतःचंच सर्टिफिकेट काढायचं, ग्रुप पॉलिसीनं सगळ्या मशिनांवर पोचवायचं आणि सेटअप मेलनं न पाठवता ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवायचा. मग यूएसीच्या खिडकीत कारखान्याचं नाव येतं.

ॲडमिन पासवर्ड तरीही लागतोच. तो ज्याच्याकडे आहे त्या आयटीवाल्या मुलाला मी अजून पाहिलेलं नाही. मेलवर लेखी मंजुरी आल्याशिवाय तो पासवर्ड टाकत नाही, बॉयलर पेटायला दोन दिवस उरले असले तरी नाही. आणि कार्यकारी संचालक एकदा मीटिंगला मुंबईत गेले, की ती मंजुरी सोमवारवर जाते.