मध्यरेषेकडे परतताना

कबड्डीत समोरच्या गड्याला नुसते शिवून गुण मिळत नाही. तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चालू ठेवत, एका दमात, दोन्ही अंगणांच्या मधल्या रेषेपर्यंत चढाईवीर परतला, तरच ते शिवणे मोजले जाते. 'पुणेरी पलटण' या व्यावसायिक संघाचा इतिहास चाहत्याच्या बाजूने पाहिला, तर तोही अशीच एक लांबलेली चढाई वाटतो.

२०१४ मध्ये आठ संघांनिशी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पहिले दोन्ही हंगाम पलटण तळाला राहिली. पुढे, डिसेंबर २०२२ मध्ये, इराणच्या फजल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली संघ मुंबईतील अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण जयपूरने ३३–२९ असे हरवल्याने हात लागलेला चषक निसटला. शिवून झाले होते, परतणे राहिले होते. ते परतणे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झाले: नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारच्या पलटणीने हरियाणाला २८–२५ असे नमवून पहिले अजिंक्यपद मिळवले.

पलटणीचा चाहता पुण्यातलाच असावा लागतो असे नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील सोनपेठहून पुणे दूर आहे आणि परभणी जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाला स्वतःचा व्यावसायिक संघ नाही; मात्र ज्या खेळाला जुनी पिढी हुतूतू म्हणत आली, त्याचे नियम इथल्या माणसाला दूरचित्रवाणीने शिकवावे लागत नाहीत. काळ्या मातीच्या जागी मॅट आली, एका चढाईला तीस सेकंदांची मर्यादा पडली, तरी पायाला पकड बसताच रेषेकडे ताणल्या जाणाऱ्या बोटांचा अर्थ बदललेला नाही. म्हणून इराणी कर्णधाराला 'आपला' म्हणताना अशा प्रेक्षकाला अडखळावे लागत नाही. आपलेपणाची खूण जन्मगावात नसून त्या ताणलेल्या बोटांत असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उतरली आणि दिल्लीकडून ३१–२८ अशी हरली. अजिंक्यपदाचा फलक अभ्यासकाला पुरतो. चाहत्याच्या मनात मात्र हे तीन गुण आणि जयपूरचे ते चार गुण चषकाशेजारीच राहतात, कारण परतून आलेल्या चढाईवीरालाही थोड्याच वेळात पुन्हा तीच रेषा ओलांडून जावे लागते, हे तो मातीवरच शिकलेला असतो.