काळ्या ठिपक्याखालचे बोंबील

आमच्या घरात पावसाचा विषय निघाला की दोन आकडे येतातच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३च्या आसपास. बाबा त्या रात्री कुर्ल्याहून अंधेरीला छातीभर पाण्यातून चालत आले. मी लहान होतो. आठवतं ते एवढंच, की आई रात्रभर जिन्यात बसून होती.

म्हणूनच असेल, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी बाकीच्यांनी प्रोजेक्टसाठी चेहरे ओळखायला घेतले, मी समुद्रावरचे ढग. इन्सॅट-३डीआर हा आपला उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाने अरबी समुद्राचं चित्र घेतो, आणि अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या साइटवर नाव नोंदवलं की तो डेटा मिळतो. फुकट! हे कळल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती.

काम सोपं वाटलं. जमिनीवर डोंगर, शेतं, शहरं अशा हजार भानगडी. समुद्र एकसारखा काळा. दिवसा त्यावर पांढरं दिसलं की ढग. रात्री उजेड नसतो, तेव्हा उष्णता बघायची. समुद्र कोमट, ढगाचा माथा थंड. मी रेघ आखली: दहा अंशांपेक्षा थंड तो ढग, बाकी सगळा समुद्र. पावसाळ्यातल्या उंच ढगांचे माथे उणे साठ-सत्तर अंशांपर्यंत जातात. ते कुठल्याही रेघेत सापडतात. सर खूश, मी हवेत.

वर्सोवा कोळीवाड्यात माझ्या मित्राची आई बोंबील सुकवते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे आगोटीसाठी सुकवायचा हा शेवटचा माल. वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवलेले, अर्धेमुर्धे सुकलेले बोंबील लटकत होते. मावशीने विचारलं, "बाला, आज रातला पानी येल का?"

मी लॅपटॉप उघडून रात्री अकराचं चित्र दाखवलं. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत सगळं काळं. "नाही मावशी. एकदम साफ आहे." तिने ताडपत्री घडी करून ठेवली.

पहाटे पाचला मित्राचा फोन. पाऊस म्हणावा असा नव्हताच, बारीक रिपरिप. पण अर्धा तास पडली. मी पोचलो तेव्हा मावशी पदराने एकेक बोंबील टिपत होती. शेकड्यांनी होते. मला बघून ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं. त्यातला बराच माल पुढे वास मारू लागला आणि खताच्या भावाने गेला.

घरी येऊन मी पहाटे पाचचं चित्र कोडमधून काढलं. वर्सोव्यावर आणि समोरच्या समुद्रावर काळं. माझी चप्पल अजून ओली होती.

चूक शोधायला आठवडा लागला. मे अखेरीस समुद्रावरून येणारे हे ढग बुटके असतात, माथा फार तर दीड-दोन किलोमीटरवर. समुद्रापेक्षा ते थोडेच थंड. त्यात मधली दमट हवा समुद्रालाही खऱ्यापेक्षा गार दाखवते, त्यामुळे दोघांतला फरक आणखी कमी होतो. उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा. अख्खा कोळीवाडा आणि समोरची खाडी त्यात मावते. छोटा ढग त्या ठिपक्यात विरघळूनच जातो.

उपाय पुस्तकात होता, मीच ते प्रकरण वगळलं होतं. ३.९ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाण्याच्या थेंबांचा ढग १०.८च्या पट्ट्यापेक्षा कमी उष्णता सोडतो. रात्री दोन्ही चित्रं एकमेकांतून वजा केली की बुटके ढग वर येतात. मी त्या पहाटेचं चित्र पुन्हा काढलं. वर्सोव्यासमोर राखाडी पट्टा होता. लहानसहान ढग तरीही निसटतातच.

रिपोर्टमध्ये काळ्या रंगापुढे मी 'ढग नाही' असं लिहिलं होतं. ते खोडून 'ढग सापडला नाही' केलं. सर म्हणाले, एकच तर आहे. मी बदललं नाही.

मावशीला नुकसानीचे पैसे द्यायला गेलो तर तिने हात झटकला आणि चहा टाकला. पुढच्या मेमध्ये तिने परत विचारलं. मी चित्र दाखवून म्हटलं, "मला काही सापडलं नाही. तुला काय वाटतं?"

तिने दारात जाऊन पश्चिमेकडे बघितलं, गालावर वारा घेतला. मग मला म्हणाली, ताडपत्रीचं ते टोक धर.