साबणाची वडी

मशिनिस्ट काकांचं एक देणं माझ्याकडे राहिलं आहे. कपड्याच्या साबणाची एक वडी.

तळेगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॅडवर हात बसला होता. मिनी-ड्राफ्टर नाही, पेन्सिलीला टोक नाही, मॉडेल उभं केलं की तिन्ही व्ह्यू आपोआप पडतात. म्हणजे ड्रॉइंग आपल्याला येतं, अशी माझी समजूत. प्रोजेक्टच्या ब्रॅकेटची प्रिंट काढून वर्कशॉपमध्ये दिली. दोन दिवसांनी ब्रॅकेट मिळाला तो आरशातला! भोक भलत्याच बाजूला.

"काका, उलटा झालाय."

"कागदावर होता तसाच केलाय."

खरंच होतं. सॉफ्टवेअरचं टेम्प्लेट अमेरिकी, थर्ड अँगल पद्धतीनं व्ह्यू मांडणारं. आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल. ड्रॉइंगच्या भारतीय मानकांच्या पुस्तिकेत, एसपी ४६ मध्येही तोच. कोणता अँगल हे सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्ह मी टाकलंच नव्हतं. काकांनी सवयीनं फर्स्ट अँगल धरला, नि उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडची ठरली.

रागावले नाहीत. बेसिनवरची साबणाची वडी घेतली, हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं ब्रॅकेट कोरला आणि माझ्या प्रिंटवर ठेवला.

"फर्स्ट अँगल म्हणजे सावली. डावीकडनं बघितलंस, तर चित्र पडतं पलीकडं, उजव्या भिंतीवर. थर्ड अँगल म्हणजे काच. उजवीकडं काच धर, दिसतंय ते तिथंच गिरव."

काच त्यांच्या तोंडी येणारच. त्यांचे वडील पैसा फंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. अंताजी दामोदर काळ्यांनी माणसामागे पैसा-पैसा मागून उभ्या केलेल्या फंडातून १९०८ साली तळेगावात निघालेला काच कारखाना तो. थर्ड अँगल समजावणारा पुस्तकातला 'काचेचा डबा' मी पाठ करून मार्क मिळवले होते. दिसला तो त्या दिवशी, साबणाभोवती.

मग काकांनी ब्रॅकेटमधल्या पॉकेटच्या, म्हणजे खाचेच्या, आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा काटकोन कुठल्या कटरनं काढू? कटर गोल असतो, बाबा." स्क्रीनवर तो कोपरा सुरेख दिसत होता.

तोवर पाच वाजले. हात धुवायला साबण नव्हता. काकांनी लाकडाच्या भुशानं हातांचं ऑइल पुसलं आणि कामशेतला जायला लोकल गाठली.

आता मी कॅड शिकवतो. पहिल्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर बंद, प्रत्येकाला एक वडी. ते बिल ऑफिसात दर वर्षी अडतं.

मध्यंतरी कामशेतला त्यांच्याकडे गेलो, डझनभर वड्या घेऊन. काकांनी दोन्ही तळवे पुढे केले.

"आता कुठं काळे होतात रे!"

वड्या मात्र काकूंनी ठेवून घेतल्या.