दहा गोळ्या आणि एक चिठ्ठी

पिकांविषयी लिहिताना माझा हात सहसा अडत नाही. आज मात्र लिहायला बसलो आणि दोनदा कागद बाजूला सारला. कारण या हकिकतीत चूक माझी आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या फळबागायतदारांच्या गटाबरोबर मी व्हिएतनामला गेलो होतो. बावीस जण होतो आणि ज्याने त्याने पदरचे पैसे घातले होते. हेतू ड्रॅगन फ्रूटची शेती पाहण्याचा. तिकडे फान थिएटच्या बाजूला रात्री बागांत विजेचे दिवे लावतात. दिवस लहान असताना असा उजेड दिला की झाडाला बिगरहंगामी फूल येते. ते पाहिले, वह्या भरल्या. परतीच्या आदल्या दिवशी सहलवाल्यांनी आम्हाला कू ची येथील भुयारे दाखवायला नेले. आपण जुन्या वर्तमानपत्रांत सायगाव म्हणून जे वाचत होतो, ते आजचे हो चि मिन्ह शहर. तिथून गाडीने दीड-दोन तासांवर हे ठिकाण आहे.

ही भुयारे शेतकऱ्यांनी खणलेली. १९४० च्या दशकात फ्रेंचांशी लढताना सुरुवात झाली आणि पुढे अमेरिकेशी युद्ध झाले तेव्हा त्यांची लांबी दोनशे किलोमीटरच्या वर गेली. माती चिकण, वाळली की विटेसारखी घट्ट. हवा आत यावी म्हणून ठेवलेली भोके वरून वारुळासारखी दिसतात. चुलीचा धूर मातीतून चर काढून लांब नेऊन विरवलेला. टायर कापून केलेल्या चपला पाहून तर आमच्या लोकांना घरचीच आठवण झाली. शेवटी सगळ्यांना एक उकडलेला कंद आणि शेंगदाण्याचा कूट खायला दिला. तो कंद टॅपिओकाचा, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच. आमच्यातल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे हे लोक लढाईभर उपासच करीत होते की!"

आम्ही आत शिरल्यापासून झाडीतून फाड फाड आवाज येत होते. पुढे गेल्यावर उलगडा झाला. तिथे पैसे देऊन खरी बंदूक चालवता येते. युद्धातल्या बंदुका मांडून ठेवलेल्या, एके-४७, एम-१६ आणि आणखी काही. किमान दहा गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्या पैशांत दोन हजारांच्या आसपास पडतात. काकूंनी लगेच हिशेब केला, "एवढ्यात युरियाच्या सात गोण्या येतात."

आमच्यातल्या एका तरुण बागायतदाराने दहा गोळ्या घेतल्या आणि म्हणाला, "साहेब, पाच तुमच्या." खोटे कशाला सांगू, मला नको म्हणवले नाही. कानावर जाड टोप्या चढवल्या. बंदूक लोखंडी ठाण्यावर जखडलेली होती. तोंड फक्त समोरच्या मातीच्या बांधाकडे, इकडे तिकडे वळवता येऊ नये अशी सोय. खांद्याशी त्यांचा माणूस उभा. तो सांगेल तेव्हाच बोट चापावर. पाच गोळ्या सोडल्या. एक तरी निशाणावर लागली की नाही, देव जाणे. खांद्याला हिसका बसला, पण मजाही वाटली.

आमच्यातले एक आबा फौजेतून निवृत्त होऊन शेती करतात. ते बाकड्यावर बसून होते. मी म्हटले, "आबा, तुम्ही नाही?" ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडे फायरिंग झालं की रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत द्यावी लागायची. एकेका गोळीचा हिशेब. इथं पैसं दिलं की मोकळं. मला नाही जमायचं."

तिथून निघताना वाट दाखवणाऱ्या ताई म्हणाल्या, "ही झाडी जुनी नाही. युद्धानंतर लावलेली आहे. जुने जंगल बाँबने आणि फवारणीने गेले." सवयीप्रमाणे मी विचारले, "कोणते औषध?" त्या म्हणाल्या, "एजंट ऑरेंज." मी मराठीत सांगितले तसे काकूंनी विचारले, "साहेब, त्यात काय असायचं?"

उत्तर मला कॉलेजपासून पाठ होते. "दोन तणनाशके, निम्मी निम्मी. एक २,४,५-टी." मग मी थांबलो. "आणि दुसरे २,४-डी."

कुणी काही बोलले नाही. त्या बावीस जणांत ज्याच्याकडे ऊस किंवा ज्वारी आहे, त्याच्या कोठीत ती बाटली आहेच. आणि बहुतेकांना ती मीच लिहून दिलेली.

नीट सांगतो, उगाच भीती नको. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी तिथल्या जंगलांवर आणि पिकांवर सुमारे सात कोटी लिटर तणनाशके फवारली. त्यांत एजंट ऑरेंज सर्वांत जास्त. त्यातले अतिजहाल विष म्हणजे डायॉक्सिन. ते २,४,५-टी तयार करताना त्यात उतरत असे. त्या २,४,५-टीला आपल्या देशात नोंदणी नाकारलेली आहे. म्हणजे आपली बाटली आणि ते मिश्रण एक नव्हे. तरीही व्हिएतनामने २०१७ साली २,४-डीसुद्धा परवानगीच्या यादीतून काढून टाकले. आपल्याकडे ते चालते. पण ते विषच आहे आणि जपूनच वापरायचे आहे.

मला जे आठवले ते वेगळेच होते. चौदा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी मी २,४-डीची चिठ्ठी लिहून दिली. मात्रा लिहिली, पाणी लिहिले, लागवडीनंतरचे दिवस लिहिले. वाऱ्याचे लिहायचे राहिले. औषध एस्टर प्रकारातले, म्हणजे वाफ होऊन हवेत उडणारे. त्याने भर दुपारी, वारा सुटलेला असताना फवारले. शेजारी एका विधवा बाईंची दोन एकर कपाशी होती. आठ-दहा दिवसांनी त्या पाने घेऊन माझ्याकडे आल्या. पाने आकसून भेंडीच्या पानासारखी झालेली. "साहेब, हा कसला रोग?"

पाहताक्षणी मी ओळखले. आणि म्हणालो, "अन्नद्रव्ये कमी पडली असतील." वर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणीही लिहून दिली. त्या बाईंनी उधारीवर ती आणून फवारली. पीक अर्धेही हाती लागले नाही.

पाच गोळ्या उडवायच्या तर बंदुकीला ठाणे, समोर मातीचा बांध, खांद्याशी माणूस, कानाला टोपी. आणि ज्या पंपाचा फवारा वारा नेईल तिकडे जातो, तो आम्ही नुसती चिठ्ठी देऊन हातात ठेवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि मजूर दगावले. ती औषधे वेगळी होती, निष्काळजीपणा तोच.

गावी परतल्यावर पहिल्या रविवारी मी त्या बाईंकडे गेलो. आता शेती मुलगा पाहतो. ओसरीवर बसून सगळे सांगितले. रोग नव्हता, वाऱ्याने आलेले औषध होते, चिठ्ठी माझी होती आणि मी तुमच्याशी खोटे बोललो. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या साली पोरीचं लगन एक वर्स पुढं ढकललं, साहेब." एवढेच. नंतर सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. तो चहा मला गिळवेना, पण घेतला.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, तेव्हा एवढे कराच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, तो दुसऱ्या पिकाला लावू नका. फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करा. शेजारी कपाशी, द्राक्ष, टोमॅटो किंवा वेलवर्गीय भाजी असेल तर एस्टर प्रकार वापरूच नका. नोझलला टोपण लावा आणि ते जमिनीलगत धरा. हातमोजे, तोंडाला फडके आणि अंगभर कपडे घाला, उकडले तरी. फवारण्याआधी शेजाऱ्याला सांगा. आणि पीक बिघडलेच, तर सल्ला देणाऱ्या साहेबाला स्पष्ट विचारा, "तुमच्या औषधाने तर नाही ना झाले?"

माझ्या चिठ्ठीवर आता मात्रेच्या आधी वाऱ्याची ओळ असते.